बहिऱ्या कुत्र्याचा विमा

माझ्या नवऱ्याच्या आत्या या जगात प्रश्न विचारायला आल्या आहेत आणि बाकीचे सगळे त्यांना उत्तरं द्यायला, हे मी तंजावरच्या कुठल्याही दुकानदारासमोर म्हटलं तर तो मुकाट्यानं मान डोलवील. आत्या तंजावरजवळच तिरुवैयारूला एकट्या राहतात. टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी झाली. इतकी वर्षं त्यांनी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि निवृत्त झाल्या त्या दिवसापासून परतफेड सुरू केली. नवा मिक्सर घ्यायचा होता तेव्हा त्या भिजवलेली उडदाची डाळ डब्यात भरून दुकानात गेल्या आणि मांडलेल्या प्रत्येक मिक्सरमध्ये थोडी थोडी वाटून पाहिली. शेवटी दुकानदारानंच विचारलं, "अम्मा, वडे इथेच तळायचे का?" आत्यांनी त्यावर त्याच्याकडे तेल कुठलं आहे, याची चौकशी केली.

मी साताऱ्याची. लग्न होऊन तंजावरच्या जुन्या मराठी घरात आले तेव्हा आत्यांचं मराठी मला निम्मंच कळायचं. त्यात 'मला' नाही, 'मज' आहे. 'तुला' नाही, 'तुज' आहे. आणि सगळ्या वाक्याला तमिळ हेल. जुन्या पोथीतलं कुणीतरी फिल्टर कॉफी पीत बोलतंय असं वाटायचं. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नाही. मी हे लिहितेय ते त्यांना वाचून दाखवावं लागेल आणि प्रत्येक ओळीला त्या मला थांबवतील.

अशा या बाईंनी एकच गोष्ट एकही प्रश्न न विचारता घरी आणली, ती म्हणजे मुत्तू. कालव्यापलीकडच्या एका गावात राजपाळयम जातीच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. शुभ्र, लांब पायांची, गुलाबी नाकांची. बाकीची भराभर गेली आणि एक उरलं. ते बहिरं आहे, असं मालक सांगत होता तोवर आत्यांनी ते पदरात घेतलंही होतं. मुत्तू म्हणजे मोती. त्याला हाक मारून उपयोग नाही, म्हणून आत्यांनी त्याला लहानपणी शिकलेल्या भरतनाट्यमच्या मुद्रा शिकवल्या. बस, ये, थांब, पुरे, सगळं हातांनी. पुढे आत्यांची सगळी गल्लीच त्याच्याशी तसं बोलू लागली. भाजीवालाही त्याला दूर व्हायला सांगताना आधी टोपली खाली ठेवतो आणि मग दोन्ही हात सुरेख वळवतो. शेजारी गाण्याचा वर्ग चालतो. मुत्तू तिथे रोज दारात डोळे मिटून पडलेला असतो. गाण्याच्या बाई नव्या विद्यार्थ्यांना सांगतात, बेसूर झालं तरी न उठणारा असा श्रोता तिरुवैयारूसारख्या गाण्याच्या गावातही दुसरा नाही.

एका दुपारी आत्यांचा फोन आला. "कुत्र्याचा विमा काढतात हे तुज ठाऊक होतं?"

"ऐकलं होतं."

"आणि तू मज सांगितलं नाहीस?"

मुत्तूच्या लसीकरणाला गेल्या असताना डॉक्टर सहज बोलून गेले होते. झालं, मिक्सर, मोबाईल, गॅसची शेगडी सगळं घेऊन झालेल्या आत्यांना एकदम नवं मैदान सापडलं. मी रविवारी गेले तर त्यांच्या डोळ्यांत परीक्षेच्या सकाळची चमक होती. झोपाळ्यावर मला बसवून त्यांनी तीन कंपन्यांची माहिती मोठ्यानं वाचायला लावली, तीही अगदी बारीक अक्षरांपासून. ठळक अक्षरं सगळ्यांची सारखीच असतात, असं त्यांचं म्हणणं. आधी आपण पैसे भरायचे की दवाखाना परस्पर घेईल? आजार किती दिवसांनी धरतील आणि अपघात कधीपासून? म्हातारपणी नूतनीकरण करतील की हात वर करतील? मी वाचत होते, आत्या येरझाऱ्या घालत होत्या आणि मुत्तूला वाटलं की फिरायला जायचंय, म्हणून तोही त्यांच्यामागून येरझाऱ्या घालत होता.

मग फोन सुरू झाले. एका कंपनीकडे कुत्र्यांच्या जातींची जी यादी होती तिच्यात सगळे परदेशी. राजपाळयम नव्हताच. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, 'इतर' निवडा." आत्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "हा कुत्रा इथला आहे, बाई. इतर ते बाकीचे." ती कंपनी तिथेच बाद झाली. दुसरीनं कुत्रा चोरीला गेला तरी भरपाई देतो म्हणून बराच डौल मिरवला. आत्यांनी विचारलं, "चोर ह्याला बोलावणार कसा? ह्यास ऐकू येत नाही." पलीकडे बराच वेळ संगीत वाजत राहिलं.

तिसऱ्या कंपनीचा एजंट स्वतः घरी आला. चष्मा, मिशी, चामड्याची बॅग, मध्यमवयीन, समजूतदार माणूस. बहिरेपणाचं कळल्यावर तो पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणाला, "अम्मा, ते लिहू नका. फोटोत काही दिसत नाही."

"लिहिणार," आत्या म्हणाल्या.

"मग कानांचं काहीच मिळणार नाही."

"कान सोडून बाकी कुत्रा पुष्कळ आहे. त्याचं बोला."

तो हसला आणि त्या हसण्यावर आत्यांनी त्याला पास केलं. शिवाय त्याच्या कंपनीत आजाराला महिनाभर थांबावं लागत होतं, पण अपघात पहिल्या दिवसापासून धरला जात होता. ओळखीसाठी मुत्तूचे फोटो हवे होते. आत्यांनी मोबाईलवर काढू दिले नाहीत. तंजावरच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत आम्ही मुत्तूला नेलं. फोटोग्राफर चुटक्या वाजवून दमला, शिट्ट्या मारून दमला, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून दमला. मुत्तू पडद्यावरचा रंगवलेला धबधबा बघत राहिला. मग आत्या कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि हात उचलले. मुत्तूनं मान वळवली, कान ताठ केले आणि असा रोखून पाहू लागला की फोटोग्राफर बटण दाबायचंच विसरला. पुढे महिनाभर तो फोटो त्याच्या दर्शनी काचेत होता, एका बाजूला नवरा-नवरी आणि दुसऱ्या बाजूला मुत्तू.

विमा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता आणि मुत्तूनं खाणं सोडलं. आत्यांनी दहीभात पुढे केला, त्यानं तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत तो ओकू लागला, पोट दगडासारखं झालं. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून पाहिला तर आतड्यात आंब्याची कोय अडकलेली. लगेच ओरत्तनाडूला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणाले. माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. भाताची खाचरं, नारळीच्या रांगा मागे पडत होत्या. मागच्या सीटवर आत्यांच्या मांडीवर मुत्तूचं डोकं होतं आणि त्यांचा हात त्याच्या कपाळावरून फिरत होता.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी शस्त्रक्रिया समजावून सांगितली. धोका आहे, भूल द्यावी लागेल, उशीर झालाय. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काही विचारायचंय?"

मी आत्यांकडे पाहिलं. त्या नुसत्या उभ्या होत्या. मग त्यांनी मान नकारार्थी हलवली आणि बाकावर बसल्या. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मी घाबरले ती तेव्हा. शस्त्रक्रिया चालू होती तोवर मी त्यांचा हात धरून बसले होते. तो हात इतका लहान आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

मुत्तू वाचला. डॉक्टरीण बाईंनी कोय एका वाडग्यात आणून दाखवली आणि आत्यांचे प्रश्न एकदम सुरू झाले. टाका कुठला घातला, कधी सुटेल, अंघोळ कधी घालायची, इडली चालेल का, चालेल तर कशाशी? डॉक्टरीण बाई खुर्ची ओढून बसल्या. कंपनीच्या माणसानं मात्र फोनवर सांगितलं की पोटाचं दुखणं म्हणजे आजार आणि आजाराची मुदत अजून भरलेली नाही. आत्या जणू याचीच वाट पाहत होत्या. "कोय ह्याच्या पोटात उगवली का?" त्यांनी विचारलं. "बाहेरून आली. न कळता आली. इजा केली. याला तुमच्या कंपनीत काय म्हणतात, ते मज सांगा." त्यानं दोन दिवस मागितले आणि अपघात म्हणून मंजुरी आली.

ही बातमी द्यायला चष्मेवाला एजंट पेढे घेऊन आला तेव्हा मीही तिथे होते. आम्ही सगळे खूश होतो. गल्ली खूश होती. आत्यांनी त्याला कॉफी दिली आणि समोर बसून म्हणाल्या, "हे कुत्र्याला काही झालं तर. मज काही झालं तर कुत्र्याला काय?"

एजंटनं पेला खाली ठेवला. "तसं कलम नाही, अम्मा," तो म्हणाला. "कुठल्याच कंपनीत नाही."

"मज वाटलंच," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याला आणखी कॉफी विचारली.

परतताना बसमध्ये मी कावेरीच्या पुलावरून पाणी बघत बसले. घरी पोचल्यावर नवऱ्याशी बोलले आणि आत्यांना फोन केला. म्हटलं, मुत्तूला कधीमधी आमच्याकडे राहायला पाठवा. त्यांनी कधी, कुठे, कसं, काहीच विचारलं नाही. "शरि," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता दर शनिवारी आत्या त्याला घेऊन येतात, त्याचा भात कसा लागतो ते मला पुन्हा सांगतात आणि मागे न बघता फाटकातून बाहेर पडतात. सवय व्हायला हवी, म्हणतात. कुणाला, ते मी विचारत नाही. रविवारी दुपारी न्यायला यायचं ठरलं आहे, पण दर आठवड्याला त्या थोड्या लवकरच येतात. परवा त्या आल्या तेव्हा तर अजून सकाळचं दूधही आलं नव्हतं.