कोळंबी मागच्या गाडीनं

जन्मभर रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काढलेल्या माणसाला स्वयंपाक येतो, असा लोकांचा समज असतो. अळणीमामांबद्दल तो सगळ्या इमारतीचा होता. बायकोचा नव्हता. लग्नानंतर एकदाच मामांनी हौसेनं घरी सूप केलं होतं. ते आधी घरच्यांनी प्यायलं, मग शेजाऱ्यांनी, मग शेजाऱ्यांच्या पाहुण्यांनी, आणि उरलेलं खिडकीतल्या कुंडीला घातलं. कुंडीतलं झाड त्या आठवड्यात गेलं. मामांचा हात तीनशे माणसांना बसलेला होता, तो तीनवर येईना. तेव्हापासून घरातल्या गॅसशी त्यांचा संबंध सिलिंडर बदलण्यापुरता उरला.

अळणीमामा हे नाव त्यांना रुग्णांनी दिलं. मीठ डॉक्टर बंद करतात आणि शिव्या आचाऱ्याला बसतात, ही फार जुनी वाटणी आहे. मामांची तिच्याबद्दल तक्रार नव्हती. नातेवाईक पदराआड, पिशवीत, कधी चष्म्याच्या घरात मिठाच्या पुड्या आणत, हे त्यांना माहीत होतं. अशीच एक मुलगी पाय मोडलेल्या आपल्या वडिलांच्या बशीत मीठ भुरभुरत असताना मामा जेवणाची गाडी ढकलत नेमके समोर आले. मुलगी गोठली. मामा म्हणाले, "मी काही पाहिलं नाही," आणि गाडी पुढे नेली. रुग्णाचा पाय बरा होऊन तो घरी गेला, तरी मुलगी वॉर्डात येत राहिली. पुढची बोलणी या पायावर झाली, असं म्हणायला हरकत नाही.

तो पाय मोडलेला रुग्ण म्हणजे आबा, मामांचे सासरे. आबा बस चालवत. निवृत्त होऊनही त्यांची गाडी वेळेवरच सुटत होती. साडेसातला ताट समोर हवं. सात चाळीसला त्यांना भूक लागलेली नसे, अपमान झालेला असे. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले ते एक ट्रंक, दातांची एक कवळी आणि हे वेळापत्रक घेऊन.

आणि लेक, म्हणजे मामांची बायको, शहराच्या जलतरण तलावावर तिकीटखिडकीत बसे. सगळे तिला तिकीटताई म्हणत. खिडकी उघडायच्या आधी, तलावात कुणी नसताना, ती रोज पोहून घेई. तिनं शिकवण्याची परीक्षाही दिली होती, पण तलावावर जागा नव्हती. त्यामुळे केस ओले असलेली तिकीटवाली, एवढीच तिची ख्याती. इतकी वर्षं ती काचेच्या मागून लोकांना पाण्याकडे पाठवत राहिली.

मग संध्याकाळचा शिक्षक गाव सोडून गेला आणि व्यवस्थापकानं तिला विचारलं, पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग घ्याल का? वर्ग आठला सुटणार होता. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी हवं होतं.

"आणि जेवण?" आबांनी विचारलं. त्यांनी याहून वेगळं काही विचारलं असतं तर घरातल्यांना काळजी वाटली असती.

"मी करीन," मामा म्हणाले.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, मग कुंडीच्या जागी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या फुलांकडे पाहिलं.

"तुम्ही?"

"तीनशे माणसांचं करतो मी."

"तेच तर. इथं तिघंच आहोत. बाकीचे दोनशे सत्त्याण्णव कुठून आणायचे?"

मामा हट्टाला पेटणारे नव्हते, पण त्या संध्याकाळी पेटले. तिला ते काम किती हवं होतं ते त्यांना दिसत होतं. ती त्याबद्दल मुळीच बोलत नव्हती, यावरूनच दिसत होतं. शेवटी ठरलं असं: आज मामांनी जेवण करायचं, एकट्यानं, साडेसातच्या आत. जमलं तर ती सकाळी हो म्हणेल. नाही जमलं तर खिडकी आहेच.

"पण दवाखान्यातलं नको," ती म्हणाली. "पेज नको, उकडलेला भोपळा नको. दवाखान्यात कधी होत नाही असं काहीतरी करा."

दवाखान्यात कधी होत नाही अशी मामांना पहिली आठवली ती कोळंबी. तिनं कुणाला पुरळ उठतं, कुणाचं पोट बिघडतं, म्हणून ती आत येऊच देत नसत. पास्ता मात्र मुलांच्या वॉर्डासाठी दर बुधवारी होई. तेव्हा निम्मा पेपर तरी अभ्यासातला असावा म्हणून त्यांनी कोळंबी घालून पास्ता करायचं ठरवलं. झटपट होतो, भांडी दोनच लागतात, आणि आबांच्या कवळीला मऊ.

बाजारात मासेवालीनं सोललेली कोळंबी दिली आणि मामांनी न विचारता ज्ञानही दिलं. "कधी केलेली दिसत नाही," ती म्हणाली. "ऐका. तव्यावर टाकली की वळायला लागते. अर्धी वळली की काढा. पूर्ण गोल झाली की मग ती चपलेला लावायची."

"अर्धी वळली की काढायची," मामांनी घोकलं.

"आणि तोवर फोनवर बोलू नका."

सात वाजता मामांनी बाह्या सरसावल्या. बायको ओट्याला टेकून हाताची घडी घालून उभी होती. आबा टेबलाशी घड्याळाकडे तोंड करून बसले होते. परीक्षेला दोन पर्यवेक्षक म्हणजे जरा जास्तच, पण मामा शांत होते. त्यांनी सगळ्यात मोठं पातेलं काढलं. बायकोनं ते परत ठेवलं आणि मधलं दिलं. पाणी उकळलं, पास्ता पडला. मामांचा हात सवयीनं मिठाच्या डब्यावरून पुढे गेला.

"मीठ," बायको म्हणाली.

"मीठ तर वॉर्डात..." मामा थांबले आणि त्यांनी मीठ घातलं. घालताना त्यांचा चेहरा नियम मोडणाऱ्या माणसासारखा झाला होता.

कोळंबी मात्र फक्कड जमली. लोण्यावर लसूण जराशी तांबूस झाली, वर कोळंबी पडली. मामा वाकून, प्रत्येकीवर डोळा ठेवून उभे राहिले, आणि अर्धी वळताच एकेक उचलून बशीत घेत गेले. लिंबू पिळलं. वास असा सुटला की आबांनी घड्याळावरची नजर काढली. तोवर मामांनी पास्ता उतरवला, त्यातलं थोडं पाणी आत राहू दिलं आणि लसणीचं लोणी त्यावर ओतलं. सात पंचवीसला ताटं वाढली गेली, कोळंबीची बशी मध्ये आली. बायकोच्या हाताची घडी सुटली होती.

आबांनी पहिला घास घेतला. चावला. पुन्हा चावला. कवळीतून कटकन आवाज आला. त्यांनी तोंडावर हात धरला, कवळी सावरली आणि म्हणाले, "जावईबापू, हे खायचं आहे की दुरुस्त करायचं?"

बायकोनं एक तुकडा दातांखाली धरला. बाहेरून शिजलेला, आतून काडी. तिनं काटा ताटलीच्या कडेला ठेवला आणि पाण्याचा पेला उगाच सरळ केला. मामांना वाटलं, खिडकीची काच पुन्हा खाली आली.

"पण मी बरोबर उतरवला," मामा म्हणाले. "नेहमी एवढाच शिजवतो. इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही."

"एवढाच कच्चा?"

"कच्चाच उतरवायचा असतो. तळघरातून डबे बंद करून गाडीवर चढवायचे. लिफ्टला रांग. मग डोळ्यांचा वॉर्ड, मग हाडांचा, मग बायकांचा, शेवटी म्हाताऱ्यांचा. बंद डब्यात अन्न शिजतच राहतं. पुरा शिजवला तर म्हाताऱ्यांच्या वॉर्डात लापशी पोचेल. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, निम्मं आपण शिजवायचं, निम्मं गाडी शिजवते."

बायकोनं गॅसकडे पाहिलं, मग टेबलाकडे. मध्ये तीन पावलांचं अंतर होतं, आणि त्यात एकही वॉर्ड नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "गाडी कुठाय?"

मामांनाही ते आत्ताच कळत होतं. आयुष्यात त्यांनी एकाही जेवणाऱ्याला गॅसच्या शेजारी बसलेला पाहिला नव्हता. त्यांचा माणूस नेहमी लांब असे, आणि वाट बघत असे.

कुणीतरी हसलं. बघतात तर आबा. "मग सोडा की गाडी," ते म्हणाले. "घाला ते सगळं परत पातेल्यात, लावा झाकण. आम्ही थांब्यावर बसतो."

"आबा, साडेसात झाले," लेक म्हणाली.

"दिसतंय मला. डोळे आहेत अजून, दात गेलेत."

मामांनी तिन्ही ताटल्यांतला पास्ता परत पातेल्यात घातला, घट्ट झाकण लावलं, वरून टॉवेल गुंडाळला. कोळंबी घालायला हात उचलला आणि मागे घेतला. आत गेली तर गोल होणार, म्हणजे थेट चपलेला.

"ती राहू द्या," आबा म्हणाले. "कोळंबी मागच्या गाडीनं येईल."

तिघं पातेल्याकडे बघत बसली. अशी वाट बघायची त्या घराला सवय नव्हती. ताट पुढ्यात आलं की मान खाली घालायची, अशी तिथली रीत होती.

"कुठवर आली?" थोड्या वेळानं आबांनी विचारलं.

"लिफ्टपाशी," मामा म्हणाले. "लिफ्ट वर गेली आहे."

"कंडक्टर झोपलाय का?"

"डोळ्यांचा वॉर्ड झाला. आता हाडांचा."

"तिथं हळू न्या," आबा म्हणाले. "तिसऱ्या खाटेवर एक ड्रायव्हर आहे, पाय मोडलेला. त्याची मुलगी चोरून मीठ घालते. सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. तिला वाटायचं, कुणाला माहीत नाही."

"आबा, तुम्ही पण ना," लेक म्हणाली, आणि लाजली. या वयात लाजायचं तिनं ठरवलं नव्हतं.

मग आबांनी विचारलं, "ही पाण्याला घाबरणारी माणसं कशी असतात गं?" आणि ती सांगू लागली. खिडकीतून पाहिलेलं सांगितलं. तिकीट काढून दारापर्यंत जाऊन परत फिरणारा एक पोस्टमन. टॉवेल घेऊन नुसत्या कठड्यावर बसून घरी जाणाऱ्या एक शिक्षिकाबाई. त्यांना आधी पाण्यात उतरवायचंच नाही, कठड्यावरून पाय सोडून बसवायचं, गप्पा मारायच्या, असं ती बोलत होती, आणि मामांच्या लक्षात आलं की ही शिकवणं कधीच सुरू करून बसली आहे. आबा मध्ये मध्ये हुंकार देत होते. घड्याळ भिंतीवरच होतं, पण त्याच्याकडे पाठ करायला आबांनी खुर्ची केव्हा वळवली ते कुणी पाहिलं नाही.

"म्हाताऱ्यांचा वॉर्ड," मामा म्हणाले आणि झाकण काढलं. कोळंबी वरून पडली, एकदा हलवलं, वाढलं.

आबांनी घास घेतला. कवळीनं काही आवाज केला नाही. आठ वाजून गेले होते. आबांनी ताटली पुसून घेतली आणि म्हणाले, "गाडी उशिरा आली. पण आली." मग पाणी प्यायले आणि लेकीकडे न बघता म्हणाले, "तुझा वर्ग आठला सुटतो ना? तिथून घर किती लांब?"

"चालत वीस मिनिटं."

"मग जेवण साडेआठला. वेळापत्रक बदलतं कधीकधी. आमच्या खात्यातही बदलायचं."

"तुम्ही तर तेव्हा संपावर गेला होतात," ती म्हणाली.

"तरुण होतो."

सकाळी ती तलावावर गेली आणि हो म्हणाली. खिडकीत आता दुसरी मुलगी बसते.

संध्याकाळी वर्ग सुटला की ती घरी फोन करते, फक्त एकदा वाजवून ठेवते. फोन वाजला की मामा पास्ता उतरवतात, कच्चाच, झाकण लावतात, टॉवेल गुंडाळतात. ती ओल्या केसांनी रस्ता चालत असते तेवढ्यात पातेल्यात उरलेलं काम होतं. मामांचं माप आता अगदी बरोबर बसतं, कारण त्यांचा माणूस पुन्हा लांब आहे. आबा टेबलाशी भुकेले बसून असतात आणि अजिबात भूक नाही म्हणून सांगतात.

खाली लिफ्टचं दार वाजलं की आबा म्हणतात, "आली." मामा कोळंबी तव्यावर टाकतात.