मधाची वाटी

नर्मदामाईला वंदन करून, नातीच्या बारशाच्या निमित्ताने हे लिहीत आहे. पाहुणे पांगले, आणि तिच्या जन्मदिवशीची दुपार पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली.

इस्पितळात सून पाठीवर निजली होती. पोट चिरून बाळ काढलेले. कुशीवर वळू गेली की ओठ दातांखाली जात. बाळ रडत होते. त्या रडण्याच्या मागे मला दुसरे रडणे ऐकू येत होते, माझ्या पहिल्या मुलाचे. सासरी, दीक्षितपुऱ्याच्या घरी, सासूबाईंनी रीतीप्रमाणे माझा चीक, म्हणजे पहिले पिवळसर दाट दूध, पिळून तुळशीच्या मुळाशी ओतायला लावला होता आणि दूध पांढरे होईपर्यंत बाळाला मधावर ठेवले होते. ते बारशापर्यंत राहिले नाही. कशाने गेले, कोणी सांगू शकले नाही. पण तान्हे मूल कुठेही रडले, की तेही रडते.

थोरल्या जाऊबाईंनी पिशवीतून मधाची वाटी काढली आणि बाळाला मध चाटवायला बोटातली सोन्याची अंगठी उतरवली.

"थांबा, आधी हिचं दूध," मी म्हणाले.

"काहून? आपल्या घरी सगळ्यांनीच चाटलं. अन् दूध आहे कुठं? थेंब-थेंब येऊन राहिलं, तेही पिवळं."

सुनेने घाबरून विचारले, "आई, माझं दूध खराब आहे का?"

मधाचा वास आला, आणि मी सुनेच्या उशाशी सरकले. "नाही गं. जाऊबाई, जातकर्मात मध आहे, तसा आईनं स्तन द्यावा याचा मंत्रही आहे. सोनं कपाळाला लावा. जिभेला आज आईचंच."

"चलो, पंडितीणबाई बोलल्या!" म्हणत त्यांनी अंगठी बाळाच्या कपाळाला टेकवली आणि वाटी झाकली.

पलंगाचे डोके उचलून मी सुनेच्या बाजूला उशी ठेवली. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला तिच्या बगलेखालून, पाय मागे करून, छातीशी आणले.

"टाके ओढून राहिले, आई."

मी पाठीशी आणखी एक उशी दिली. बाळ निसटले, पुन्हा निसटले. मग त्याने तोंड मोठे उघडले, आणि खोलीत गिळण्याचा आवाज तेवढा उरला.

मागचे रडणे मात्र थांबले नाही. आज नात पोटभर पिऊन पाळण्यात निजली, तेव्हाही ते होतेच. एक झोका मी त्या पहिल्या बाळाच्या नावाने देणार होते. नाव ठेवलेच नव्हते, म्हणून नुसताच दिला.

वाचकहो, तुमच्या घरच्या तान्ह्यांची भूक वेळेवर भागो, बाळंतिणींच्या जखमा भरून येवोत, आणि ज्या घरचे पाळणे रिकामे राहिले त्यांच्यावरही माईची कृपा असो.