भरती न झालेली शामकला

सालेकशाजवळच्या त्या गावात कुणी आजारी पडले तर लोक फारसे हलत नाहीत. 'भरती झाला' असे कळले की हलतात. मग घराघरातून एकेक जण बिस्किटाचा पुडा घेऊन गोंदियाची गाडी पकडतो. 'दाखल' हा शब्द पेपरात, 'ॲडमिट' डॉक्टरांच्या तोंडी. गावात शब्द एकच, भरती. आणि ती करून देणारा माणूसही एकच, बकाराम.

बकाराम अठ्ठावन्न वर्षांचा आहे. दोन एकर धान. बायको शामकला, मुलगी लग्न होऊन बालाघाटला. बारा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ बावीस दिवस गोंदियात एका दवाखान्यात होता. कुठल्या खिडकीवर काय मिळते आणि कोण कधी जेवायला जातो, हे बकाराम तेव्हा शिकला. तेव्हापासून गावातला रोगी त्याच्यासोबतच जातो. चादर, लोटा आणि ताट घातलेली नायलॉनची पिशवी त्याच्या दारामागे कायम टांगलेली असते.

त्याचे नियम दोन. सलाईन लागली की नातेवाईक घरी फोन करायचे, भरती झाली म्हणून. बकाराम त्यांना थांबवायचा. "सुई लागली म्हणजे भरती नोहे बावा. वार्ड आन् नंबर पडला का ते पाय." दुसरा नियम, खिडकीवर मिळालेली चिठ्ठी हातातून सोडण्याआधी बाहेरच्या दुकानात तिची झेरॉक्स काढायची. लोक हसायचे. शेजारचा योगराज तर म्हणायचा, "बायकोची बी एक झेरॉक्स काढून ठेव ना, भाऊ."

गेल्या सप्टेंबरात शामकलाला ताप आला. तिसऱ्या दिवशी दम लागू लागला. सकाळच्या गाडीने बकारामने तिला त्याच दवाखान्यात नेले. दहा वाजता नावाची चिठ्ठी काढून ते भरतीच्या खिडकीपाशी पोचले. तिथे ओळखीची सिस्टर होती.

"अरे काका, आज काकीला घेऊन आले? बसा, बसा. आप तो घर के आदमी हो."

तिने चिठ्ठी स्वतःच्या हाताने घेतली. शामकलाला व्हरांड्यातल्या बाकावर निजवले, सलाईन लावली, बाटली खिडकीच्या गजाला अडकवली. बेड खाली झाला की लगेच आत घेते, म्हणाली.

बकारामने झेरॉक्स काढली नाही. नंबरही विचारला नाही. घरचे म्हटल्यावर कागद मागायची त्याला लाज वाटली.

बारा वाजता सौंदडहून शामकलाच्या बहिणीचा, प्रेमिलाचा फोन आला. "भरती केली का, भाऊजी?"

"होऊन राहिली."

"झाली म्हणजे सांगा. लगेच निघतो मी."

दोन वाजता तिने पुन्हा विचारले. बकारामने पुन्हा तेच सांगितले. शामकला डोळे मिटूनच विचारत होती, "प्रेमिला निघाली का?"

तो खिडकीवर गेला. "राउंड चालू आहे, काका." तीन वाजता पुन्हा गेला. सिस्टरची ड्युटी बदलली होती. नव्या बाईने रजिस्टर चाळले. "कोणती शामकला? इथे नाव नाही." चिठ्ठी कुणाला सापडली नाही. "पेशंटची दुसरी चिठ्ठी काढा," ती म्हणाली. बकाराम रांगेत उभा राहिला. चार वाजून दहा मिनिटांनी, दुसरी बाटली संपत आली असताना, शामकला बाकावरच गेली.

दवाखान्याने दिलेल्या कागदावर लिहिले आहे, 'रुग्णालयात आणण्यापूर्वी मृत्यू.'

बकारामने अर्ज केला. दहा ते चार ती जिवंत होती, दोन बाटल्या लागल्या, एवढेच लिहून घ्या. दीड महिन्याने उत्तर आले. त्या नावाची नोंद आढळत नाही, भरतीचा पुरावा जोडावा. झेरॉक्स नव्हती. त्या सिस्टरला तो भेटला. ती रडली, चहा घ्या म्हणाली, लिहून मात्र दिले नाही.

प्रेमिला तेरवीला आली आणि जेवण न करताच निघाली. जाताना म्हणाली, "होऊन राहिली, होऊन राहिली म्हणत राहिले तुम्ही. मी पिशवी भरून दारात बसलो होतो."

गाव अजूनही बकारामलाच नेते. गेल्या महिन्यात योगराजची सून डिंपल पोटदुखीने तळमळत होती. खिडकीवर तीच सिस्टर होती. "या काका, बसा."

"बसाले नाही आलो." चिठ्ठीची झेरॉक्स त्याच्या खिशात होती, मूळ चिठ्ठी मुठीत. "माझ्यासमोर रजिस्टरात नाव लिवा. मग चिठ्ठी देतो."

"काका, माझ्यावर भरोसा नाही का?"

"नाही."

तिने मान खाली घालून रजिस्टर ओढले. योगराज ओशाळला. "असं काऊन बोलता, भाऊ? आपली वळख आहे इथं."

बकारामने त्याच्याकडे पाहिले नाही. डिंपल बाकावर पाय पोटाशी घेऊन पडली होती.

"हिच्या मायले फोन लाव," तो म्हणाला. "निघ म्हणाव."

"भरती तर होऊ द्या."

"आता लाव."