गुरुवारच्या आधी बसवलेली पट्टी

२०१८ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. कोपरीत माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान, आणि तिथला कॉम्प्युटर बघायला डोंबिवलीहून एक बाई यायच्या. मशीनला हात लावण्याआधी त्या खिडकीच्या लोखंडी गजांवर तळहात टेकवून घटकाभर उभ्या राहायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, नमस्कार कोणाला?"

"अंगातली वीज उतरवते, काका. नाहीतर आतलं काहीतरी मरतं आणि कळतही नाही."

त्या हसत बोलल्या. 

तुमच्याकडे असं कोणी येत असेल तर तुम्हीही बघितलं असेल, काम येणाऱ्या माणसाला घाई नसते. आमच्या गल्लीत मेडिकलवाला, क्लासवाले, केबलवाला, सगळे त्यांनाच बोलवायचे. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्यांचं घर आमच्या गल्लीवर चालायचं, हे मला माहीत होतं.

त्या वर्षी मशीन रडतखडत चालायला लागलं. बाई म्हणाल्या, "रॅम वाढवू. गुरुवारी मी घेऊन येते. तुम्ही आणू नका."

"का? दुकानं फक्त तुम्हालाच माहीत?"

त्यांनी आतली रॅमची पट्टी काढून माझ्यासमोर धरली. "ही जुन्या जातीची. हल्ली पुढची मिळते. लांबी तेवढीच, पण ही खाच बघा. नवीची थोडी सरकलेली असते. आकडा मोठा बघून घेतलीत तर बसणार नाही. आणि बसत नसेल तर जोर लावायचा नाही, काका. कधीच."

मी चौथी पास. पण बारा वर्षांचा असल्यापासून छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले. उलटी अक्षरं सुलटी वाचणारा माणूस मी, मला खाच शिकवता? मंगळवारी ठाणे पश्चिमेला जाऊन मोठ्या आकड्याची पट्टी आणली. बुधवारी दुपारी शटर अर्धं ओढून बसलो. पट्टी काही बसेना. छापखान्यात एखादा खिळा वर राहिला तर त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच मारायचं, की बसतो. जन्मभर तेच केलेलं. ठोकळा घेतला.

कट्ट झालं. बसली. बटण दाबलं आणि गोणपाट जळल्यासारखा वास आला. पट्टी उपटून पिशवीत टाकली, झाकण लावलं, पंखा मोठा केला.

गुरुवारी बाई आल्या. गजांवर हात टेकवला, मशीन उघडलं, आत टॉर्च मारला. नेमका मेडिकलवाला मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघत बसलेला.

"काल चालू होतं, काका?"

"चालूच होतं. मागच्या खेपेला तुम्ही उघडलंत तेव्हापासून बिनसलं. तुमच्याच हाताने गेलंय ते."

मेडिकलवाल्याने मान वर केली. "बाई, आमचं पण गेल्या महिन्यात तुम्हीच उघडलेलं ना?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. आत जिथे खाच अडकते ते टोक मोडलेलं होतं, तिकडेच बघत राहिल्या. मग टॉर्च विझवला. "बोर्ड बदलावा लागेल," म्हणाल्या. एवढंच.

आधी मेडिकलवाल्याने दुसरा माणूस धरला. मग क्लासवाल्यांनी. केबलवाला तर मलाच म्हणाला, "बरं झालं आजोबा, तुम्ही सावध केलंत." मी दुकानात बसून हे सगळं होताना बघत होतो. कोणी विचारलं तर सांगू, असं मनाशी म्हणायचो. कोणी विचारलं नाही. बाई दिसायच्या बंद झाल्या.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी गोळ्या घ्यायला गेलो तेव्हा मेडिकलवाला सहज बोलला, "त्या कॉम्प्युटरवाल्या बाई शीळफाट्याला स्टॉपसमोरच्या गोडाऊनमध्ये लागल्यात. दिवसभर उभ्याने पॅकिंग. नवऱ्याकडे शेजारीण बघते म्हणे."

तेव्हा सांगता आलं असतं. पण काउंटरला दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी गोळ्यांची पिशवी उचलली आणि म्हटलं, "अरेरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शीळफाट्याची बस धरली. बाईंचा फोन बंदच होता. गोडाऊनच्या गेटवर वॉचमनने अडवलं.

"कोणाला भेटायचंय, बाबा?"

"एक बाई आहेत इथे."

"इथे सगळ्या बायाच आहेत. नाव बोला."

अकरा वर्षं त्या माझ्याकडे येत होत्या. मी बाई म्हणायचो, फोनमध्ये 'कॉम्प्युटर' असं घातलेलं. मेडिकलवाल्याला नाव विचारलं असतं, पण मग कशाला पाहिजे तेही सांगावं लागलं असतं.

भोंगा झाला. तोंडाला रुमाल बांधलेल्या बायका रांगेने आत जायला लागल्या. मी बाजूला उभा राहून एकेकीचे डोळे बघत होतो. शेवटची गेली आणि वॉचमनने गेट ओढून घेतलं.