गाळलेले दोन शब्द

मित्सुएचं गाणं मी आधी पाहिलं, ऐकलं नंतर.

इचिनोमियाच्या लोकर गिरणीत आम्ही समोरासमोरच्या मागांवर होतो. चाळीस माग एकदम सुरू झाले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला ऐकू जायचं नाही. म्हणून गिरणीतल्या मुली ओठ वाचायला शिकायच्या. बाकीच्या महिन्याभरात शिकल्या, मला दोन लागले, कारण समोर मित्सुए होती आणि ती पार उत्तरेची, आओमोरीची. थंडी आत शिरू नये म्हणून तिकडे बोलतानाही तोंड उघडत नाहीत. मी पार दक्षिणेची, उबदार कागोशिमाची. आमच्याकडे तोंड मिटायची पद्धत नाही.

गाताना मात्र ती तोंड पुरतं उघडायची.

पंधरा वर्षांची होती. नववी झाली आणि तिसऱ्या दिवशी गावातल्या बाकीच्या पोरींबरोबर, शाळा सुटलेल्या पोरांना कारखान्यांत पोचवणाऱ्या आगगाडीत बसली. धाकटा भाऊ पुढे शिकणार होता आणि एका घरातली दोघं शिकत नसत. त्या वर्षी रेडिओवर सगळीच गाणी शाळकरी होती. गणवेश, सायकल, बाकाखालून दिलेली चिठ्ठी, सतरावं वर्ष. नववीनंतरच्या हायस्कूलची पायरी न चढलेल्या आम्ही दोनशे पोरी ती गाणी तोंडपाठ म्हणायचो. कुणाला हसायचं तर हसो. दुसऱ्याच्या लग्नातही माणूस पोटभर जेवतोच की.

मित्सुएच्या आवडत्या गाण्यात एक ओळ होती, ‘आपल्या वर्गाच्या खिडकीतून दिसायची एक टेकडी’. नवीन वर्षाच्या कार्यक्रमात तिने ते सगळ्यांसमोर म्हटलं. आवाज असा खणखणीत की मॅनेजरसुद्धा चहा प्यायचा थांबला. ती खाली उतरली तशी ऑफिसातली एक हायस्कूल शिकलेली मुलगी म्हणाली, “छान म्हणतेस गं. पण वर्ग कुठला तुझा? तेरा नंबरचा माग?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. ते मला आजही लागतं.

मित्सुए रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी मागावर तेच गाणं म्हणू लागली. ती ओळ आली तसे तिचे ओठ मिटले. दोन शब्द गाळून ती ‘खिडकीतून’पासून पुढे गेली.

मी समोरून ओठांनीच विचारलं, “विसरलीस?”

“नाही. वर्गात बसेन तेव्हा म्हणेन.”

मग वसतिगृहात आमच्या खोलीत राहणाऱ्या सादाए आणि तोकीही ते शब्द गाळायला लागल्या, आणि मीही. ठरवलं कोणीच नव्हतं. आमची लग्नं झाली, पोरं झाली, पुढे कराओके आलं, तरी त्या ओळीला आम्ही चौघी गप्प व्हायचो. सादाएचा नवरा दर वेळी म्हणायचा, “मशीन बिघडलं वाटतं.”

मित्सुएने एकतीस वर्षं माग चालवले. गिरणी बंद पडल्यावर शाळांची जेवणं रांधायच्या स्वयंपाकघरात लागली. जेवणाची भांडी वर्गाच्या दारापर्यंत पोचवायची आणि मागे फिरायचं, हे तिने आणखी तेरा वर्षं केलं. नवरा गेला, मुलगी नागोयाला संसाराला लागली. आम्ही दर रविवारी सकाळी कॉफीच्या दुकानात जमायचो. आमच्या गावात सकाळच्या कॉफीबरोबर पाव आणि उकडलेलं अंडं येतंच, आणि आम्ही एकत्र बसलो की निम्मं बोलणं ओठांनीच. दुकानदाराच्या टकलाबद्दल त्याच्यासमोर बोलायची सोय दुसरीकडे कुठे मिळणार?

ती सदुसष्टची असतानाचा रविवार. अंडं सोलता सोलता ओठांनीच म्हणाली, “संध्याकाळच्या हायस्कुलात नाव घातलं.”

“कोणाचं? नातीचं?”

“माझं.”

तोकीचं अंडं बशीत पडलं. “आता गणवेश घालणार तू?”

“तुझ्या लग्नातल्या किमोनोपेक्षा बरा दिसेल.”

दुकानदार घाईने जवळ आला. “काय झालं? भांडलात का? आज चौघी एकदम गप्प!”

चार वर्षं ती गेली. बीजगणिताने तिला दोनदा आपटलं, दोन्ही वेळा उठली. वादळामुळे शाळा बंद होती त्या दिवशीही फाटकापर्यंत जाऊन आली, म्हणे खात्री करायला. वर्गात एकोणीस जण, सगळे दिवसा कुठे ना कुठे कामाला. त्यातली युझुकी मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होती. तिनेच ठरवलं, “आजी, निरोपाला तुमच्या वेळचं गाणं. पहिलं कडवं एकट्या तुम्ही म्हणायचं, दुसऱ्यापासून आम्ही.”

मित्सुएने तेच गाणं निवडलं. पहिल्या कडव्यात ती ओळ आहे, हे आम्हा तिघींना सांगायला नको होतं.

आणि फेब्रुवारीत तिच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, पण डॉक्टर थांबायला तयार नव्हता. ऑपरेशननंतर त्याने बजावलं, महिनाभर एक शब्दही नाही. निरोप समारंभ दोन आठवड्यांवर. युझुकी घरी येऊन म्हणाली, “आजी, तुमचं कडवं मी म्हणते ना.” मित्सुएने कागदावर लिहिलं, ‘उभी मीच राहणार.’

आम्ही तिघी पाहुण्यांत बसलो होतो. पियानो सुरू झाला. मित्सुए एक पाऊल पुढे आली, पाठ ताठ, आणि तिचे ओठ हलू लागले. आवाज नाही. सभागृहात चुळबूळ सुरू झाली. एका बाईने माईककडे बोट दाखवलं. मला मात्र लख्ख ऐकू येत होतं. समोरासमोरच्या मागांवरून पाहायचे, तेच ते ओठ.

मी उठले आणि गायला लागले. सादाए उठली, तोकी काठी टेकत उठली. समारंभात पाहुण्यांनी असं उठायचं नसतं, हे आम्हाला काय कळत नव्हतं? मुख्याध्यापक वळून बघत राहिले. बघू देत. ओठ तिचे, आवाज आमचा, आणि माझ्या जन्मात मी इतकी छाती काढून कधी गायले नव्हते.

मग ती ओळ आली, आणि आम्ही तिघी सवयीने गप्प झालो. पंचावन्न वर्षांची सवय ती, आयत्या वेळी कशी मोडणार?

पियानो तेवढा वाजत राहिला. मित्सुएचे ओठ मिटले नाहीत. आमच्याकडे बघत, एकेक अक्षर नीट सुटं करत ती म्हणाली, ‘आपल्या वर्गाच्या’.

सभागृहात ते आम्हा तिघींनाच ऐकू आलं. पुढचं ‘खिडकीतून’ आमच्या गळ्यातून निघेना. ते तिच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या वर्गाने गायलं.