शाबूत बांध

धाटावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो वडखळला चढतो आणि माझ्या शेजारी बसतो. नखांत कायम खाडीचा चिखल. अमावास्या-पौर्णिमेला मात्र तो शिफ्ट बुडवतो, कारण उधाणाआधी त्याला खाडीतल्या आपल्या जुन्या गावाच्या बेटावरचा बांध लिंपायचा असतो. तिथे खारं पाणी अडवायला प्रत्येक घराने आपापला तुकडा राखायचा, अशी रीत. पणजोबापासून त्याच्या घराने ती मोडलेली नाही.

गेल्या पौर्णिमेला मी त्याच्याबरोबर होडीने गेलो. बेटावर आता एकही चूल पेटत नाही. त्याचा तुकडा सारवलेल्या ओट्यासारखा गुळगुळीत होता. शेजारचा कधीच वाहून जाऊन तिथे खांड पडली होती. भरती चढली, आणि त्या खांडीतून पाणी वळून मागून त्याच्याच शेतात शिरलं. तो आपल्याच तुकड्यावर चिखल लिंपत राहिला. मला राहवेना.

“अरे, मग ती खांड बुजव की!”

“दुसऱ्याच्या बांधाला हात लावायचा नाय. उद्या त्यांची पोरं आली तं म्हनतील, आमचा बांध बळकावला.”

“कोण येणार आहे आता इथे?”

“कोनी नाय,” तो म्हणाला, आणि दोन्ही बाजूंनी पाण्यात उभ्या असलेल्या आपल्या बांधावर त्याने आणखी एक चिखलाचा गोळा थापला.