वेदीमागची ओली भिंत

वेदीमागच्या भिंतीला पोट सुटलं, तेव्हा सगळ्यांत जास्त घाबरले ती मीच. कारण त्या भिंतीचं पाप माझ्या माथ्यावर होतं. भंडाऱ्यातलं आमचं चर्च इंग्रजांच्या काळातलं. कुणा पाद्रीसाहेबानं विलायतेतल्या आपल्या गावच्या चर्चसारखं बांधून घेतलेलं: लांबट दालन, टोकदार कमानी, पश्चिमेला घंटेचा मनोरा, पूर्वेला वेदी. छप्पर इतकं उतरतं, की त्यावरून बर्फ घसरून जावा. भंडाऱ्यात बर्फ दिसतो तो सरबताच्या गाडीवर! पण दगड इथला, चुना इथला आणि हातही इथलेच. माझा बाप्तिस्मा, माझं लग्न, आईबाबांची शेवटची प्रार्थना, सगळं तिथंच झालं.

काही वर्षांपूर्वी जुन्या गिलाव्याचा भुगा आमच्या रविवारच्या साड्यांवर पडायचा. मी कमिटीत होते आणि माझ्या तोंडापुढे कुणाचं चालत नाही. हट्टानं चुना खरवडून वेदीमागच्या भिंतीला आतूनबाहेरून सिमेंट लावून घेतलं. भिंत कशी गुळगुळीत दिसू लागली! मग दर पावसाळ्यात ओल चढत गेली, भेगा पडल्या, गिलावा फुगला. इंजिनियरसाहेब लांबूनच बघून म्हणाले, "भिंत गेली. पाडा आणि नवी स्लॅबची इमारत बांधा." येत्या रविवारी त्यावर सह्या व्हायच्या होत्या. चर्च म्हातारं झालं, असं सगळे म्हणत, आणि मी गप्प राही. प्रभूपुढे मात्र रोज रडत होते. तो ऐकतो तरी का, ही शंकाही मनाला खात होती.

शुक्रवारी दुपारी मी एकटीच बाकं पुसत होते. एक म्हातारी बाई दारातून पाणी मागू लागली. सानगडी गावची होती; तिच्या बसला वेळ होता. पाणी पिऊन ती सरळ त्या भिंतीपाशी गेली आणि बोटांनी ठोकून पाहू लागली. आवाज पोकळ आला.

"बाई, हे पोट गिलाव्याचं हाये, भिताडाचं नाही," ती म्हणाली. "माझा बाप बैल जुंपून चुना मळायची घाणी हाकत होता. चुन्याचं भिताड पाणी पिते अन् उन्हानं सुकते. त्याचं तोंड सिमिटानं कोणं बुजवलं?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं. चूक माझी, हे आजवर मी कुणापुढेच कबूल केलं नव्हतं.

ती बोळकं दाखवत हसली. "मंग तुमीच काढा!" आणि बस चुकेल म्हणत निघून गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

रविवारी सह्यांआधी मी उभी राहिले. सगळं सांगून टाकलं. नव्या लोकांना तर हे ठाऊकच नव्हतं. कुणी रागावलं नाही. पाळकसाहेबांनी कागद बाजूला सारला आणि गवंड्याला बोलावलं. सिमेंट खाली आलं, आणि आतला दगड जसाच्या तसा. इंजिनियरसाहेबांनी स्वतः ओळंब्याची दोरी सोडून पाहिली; भिंत सरळ होती. "पाडायची गरज नाही," ते म्हणाले. मी पुढच्या बाकावर बसून पोटभर रडले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

ती बाई कोण होती, यावर मी वाद घालत नाही. प्रभूनं पाठवली, एवढं मानते आणि त्याचे आभार मानते. महिनाभर मी त्याला म्हणत होते, भिंत सावर. भिंत तर धड उभी होती. खचत होते मी. त्यानं मला सावरलं.